पंधरा माणसं कमी : एका गट ग्रामपंचायतीची मोजणी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण पट्ट्यात, पैनगंगेच्या अलीकडे, अनुसूचित क्षेत्राच्या हद्दीला लागून पण हद्दीबाहेर असलेली ही गट ग्रामपंचायत. तिच्यात तीन मौजे आहेत. पहिल्यात मुख्य गाव आणि जंगलकडेचं कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती), दुसऱ्यात बंजारा तांडा. तिसरा मौजा रिठ आहे : सातबारे आहेत, वावरं कसली जातात, पण वस्ती नाही आणि जनगणनेच्या तक्त्यात त्याच्यासमोर शून्य. गाव नमुन्याचं आहे. या पट्ट्यातल्या गावांत जे वेगवेगळं आढळतं ते एका जागी आणलं आहे, म्हणून नाव दिलेलं नाही आणि गावपातळीचे सगळे आकडे हिशोब दिसावा यासाठी घेतले आहेत. कायदे, निकष आणि तारखा मात्र खऱ्या.

प्रश्न असा पडला. २०११ च्या जनगणनेत ग्रामपंचायतीची लोकसंख्या १,४८६ होती. महाराष्ट्रात १,५०० पर्यंत लोकसंख्येला सात सदस्य मिळतात आणि १,५०१ ते ३,००० ला नऊ. म्हणजे पंधरा माणसं कमी पडली आणि दोन जागा गेल्या. त्यातच तांड्याची तक्रार होती की आमची माणसं मोजलीच नाहीत. मुख्य गावातले लोक म्हणत की तांड्यात आता राहतंच कोण, सगळे पुण्याकडे आणि ऊसतोडीला साखर कारखान्यांवर. विकास आराखड्यासाठी खरा आकडा हवा होता, म्हणून ग्रामपंचायतीने सगळी दप्तरं समोर ठेवली आणि घरोघरची मोजणी केली.

वस्ती कशी बसली आहे

हा वऱ्हाडचा, रयतवारीचा मुलूख. भंडारा-चंद्रपूरकडे दिसणारा मालगुजार, त्याचा वाडा आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव हा साचा इथे नाही. जमीन आधीपासून पाटील-देशमुखांच्या आणि कुणबी कास्तकारांच्या खात्यांवर चढलेली. गावठाण नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. मारुतीच्या देवळाभोवती कुणबी आणि तेल्यांची घरं, त्यांच्या मागच्या बोळांत माळी, न्हावी, सुतार, धोबी यांची. पांदण ओलांडली की बौद्धपुरा : विहार, निळा झेंडा, चौकात बाबासाहेबांचा पुतळा. त्याला लागून मातंगांची मोजकी घरं. नाल्याच्या खालच्या अंगाला गोंडपुरा, तिथेच प्रधान आणि आंध या आदिवासी जमातींची घरं. घरकुलांची नवी वस्ती रस्त्याला आहे आणि तिथे सगळे मिसळलेले आहेत. जातवार पुऱ्यांची सवय एवढ्या एकाच ठिकाणी मोडलेली दिसते, तीही जागा शासनाने वाटली म्हणून.

तांडा अडीच किलोमीटरवर माळरानात आहे, पोड चार किलोमीटरवर. पोडाला जायला बैलबंडीची वाट आहे, पावसाळ्यात मोटारसायकल नाल्यापाशी ठेवावी लागते. जनगणनेत पोडाला स्वतंत्र ओळ नाही. ते मुख्य मौजातच मोडतं, आणि पुढचा अर्धा घोटाळा यातून निघतो.

सहा दप्तरं, सहा आकडे

जनगणना २०११ : १,४८६. मतदार यादी : १,२६८. शिधापत्रिकांवरची माणसं : १,६५५, कार्डं ३९८. आशा आणि अंगणवाडीच्या कुटुंब सर्वेक्षणात १,५३८. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, ४३१ मिळकती. जन्म नोंदवहीत वर्षभरात ६ जन्म.

शेवटचा आकडा पाहून गावात मुलं जन्मायची थांबली असं कुणालाही वाटेल. पण जन्माची नोंद बाळंतपण जिथे झालं तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. प्रसूती ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळला होतात, त्यामुळे दाखला तिथलाच निघतो. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा ते आणखी तिसऱ्याच गावात. अंगणवाडीच्या यादीत एक वर्षाखालची बाळं २४ होती. गावाचा जन्मदर काढायचा तर हीच यादी धरायची, ग्रामपंचायतीची नोंदवही नाही. मृत्यूचं उलट आहे. म्हातारी माणसं घरीच जातात, म्हणून ती नोंद गावात बरीचशी पूर्ण असते. एकाच वहीत जन्म थोडे आणि मृत्यू पुरे, आणि त्यांची वजाबाकी करून कुणी ‘लोकसंख्या घटतेय’ असा निष्कर्ष आराखड्यात लिहून मोकळा होतो.

मतदार यादीचा फुगवटाही उलगडता येतो. मोजणीत १८ वर्षांवरचे १,१३९ निघाले, यादी त्यापेक्षा १२९ ने मोठी. यादीतली जास्तीची नावं १४५ होती : बाहेर कायम गेलेले ६१, लग्न होऊन गेलेल्या मुली ४४, वारलेले ३१, दोनदा आलेले ९. उलट, नव्याने आलेल्या सुना आणि नुकतीच अठरा पूर्ण केलेली पोरं मिळून १६ जण यादीत नव्हते. नाव कमी करायला नमुना ७ चा अर्ज लागतो, आणि स्वतःच्या मुलीचं नाव कापा म्हणून कोणता बाप अर्ज देईल?

शिधापत्रिकेवरून कुटुंबांची संख्या काढणं ही नेहमीची चूक. बापलेक एका चुलीवर जेवतात पण कार्डं दोन, कारण घरकुलाला आणि धान्याला विभक्त असणं सोयीचं. अंत्योदयचं धान्य कार्डामागे ३५ किलो असतं आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. त्यामुळे प्राधान्य कार्डावरून गेलेल्या माणसाचं नाव कुणी सहसा कमी करत नाही, अंत्योदय कार्डावर मात्र आलेल्या सुनेचं नाव चढवायची घाई नसते. यवतमाळसह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचं धान्य होतं, त्याऐवजी २०२३ पासून माणशी रोख रक्कम खात्यावर येते. तिथेही माणसं जास्त तर पैसे जास्त. आणखी एक फसगत : २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कार्डावर कुटुंबप्रमुख ठरते. तेव्हा महिलाप्रमुख कुटुंबं किती हे कार्डावरून काढू गेलात तर जवळपास सगळं गाव येईल. प्रत्यक्षात एकट्या बाईवर चालणारी घरं ४७ निघाली, त्यात विधवा आणि परित्यक्तांची घरं सर्वांत जास्त.

नमुना ८ माणसं मोजतच नाही, मिळकती मोजतो. ४३१ मध्ये गोठे, बंद घरं, पडकी घरं, देवळं, दुकानं सगळं आलं. चुली मोजल्या तर ३७२.

२०११ मध्ये तांडा कुठे होता

या प्रकरणाची गाठ इथे आहे. २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, संदर्भ क्षण १ मार्चची सुरुवात. नियम असा होता की या काळात जो माणूस काही दिवस तरी त्या ठिकाणी राहिला तो तिथे मोजायचा. जो पूर्ण काळ बाहेर होता त्याला तो जिथे असेल तिथे मोजायचं, घरी नाही. ऊसतोड दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे गणनेच्या सबंध काळात तांड्यातली जोडपी आणि त्यांची लहान मुलं कारखान्याच्या कोप्यांवर (ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर) होती. तिथल्या प्रगणकाने मोजली असतील तर ती त्या तालुक्यात जमा झाली. नसतील तर कुठेच नाहीत.

हे सिद्ध कसं करायचं? जनगणनेचाच तक्ता साक्ष देतो. तांड्याच्या मौजात ६१ कुटुंबं आणि १६८ माणसं, म्हणजे कुटुंबामागे पावणेतीन. मुख्य मौजात ३१४ कुटुंबं आणि १,३१८ माणसं, कुटुंबामागे ४.२. बंजाऱ्यांची कुटुंबं मुख्य गावापेक्षा लहान असायचं काही कारण नाही, उलट असतात. तांड्यात ० ते ६ वयाची मुलंही प्रमाणाबाहेर थोडी होती. म्हातारी-म्हातारा आणि शाळेसाठी मागे ठेवलेला एखादा नातू, असं ते ‘कुटुंब’. ६१ कुटुंबांना ४.२ ने गुणलं तर २५६ येतात. म्हणजे सुमारे ८८ माणसं त्या तक्त्यात नाहीत, आणि जी घरं पूर्ण कुलूपबंद होती ती तर या ६१ मध्येही धरलेली नाहीत.

कोणत्याही गावाच्या जनगणना तक्त्यावर विश्वास ठेवण्याआधी मौजावार कुटुंबामागची माणसं काढून पाहावीत. दोन मिनिटांचं काम आहे. आकडा तीनच्या खाली असेल तर तिथे स्थलांतर आहे असं धरून चालावं.

जागांचा हिशोब

१,४८६ पैकी अनुसूचित जाती २३८, अनुसूचित जमाती ३६४. सात सदस्यांत अनुसूचित जातींचा वाटा २३८ गुणिले ७ भागिले १,४८६, म्हणजे १.१२ : एक जागा. जमातींचा १.७१ : दोन जागा. अपूर्णांक अर्ध्याच्या वर गेला की पुढची जागा मिळते. नागरिकांच्या मागास प्रवर्गाला २७ टक्क्यांपर्यंत आरक्षण असतं, पण एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१ चा निकाल विदर्भातल्याच, वाशीमच्या प्रकरणातून आला, आणि तिथून ही मर्यादा गावोगाव पोहोचली. सातच्या निम्मे साडेतीन, म्हणजे तीन. एक अधिक दोन, तीन जागा भरल्या. मागास प्रवर्गाला शून्य.

आता तांड्यातली ८८ माणसं मिळवा. लोकसंख्या १,५७४, सदस्य नऊ. अनुसूचित जाती १.३६, म्हणजे एक. जमाती २.०८, म्हणजे दोन. नऊच्या निम्मे साडेचार, मर्यादा चारची. मागास प्रवर्गाला एक जागा सुटते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती ‘अ’ मध्ये आहे आणि पंचायतीत तो नागरिकांच्या मागास प्रवर्गात धरला जातो. म्हणजे तांडा फेब्रुवारीत ऊस तोडत होता, आणि ज्या जागेवर त्याला उभं राहता आलं असतं तीच जागा त्याच्या गैरहजेरीने गेली. ती जागा तांड्याच्याच प्रभागात पडली असती असं नाही, ते सोडतीवर असतं. पण सोडतीत चिठ्ठी टाकायला जागा तरी हवी.

पुढचं नुकसान प्रभागात. सात सदस्यांना सरासरी २१२ माणसांमागे एक सदस्य. १६८ चा तांडा एका सदस्याइतकाही भरत नाही, म्हणून मुख्य गावातल्या घरांना जोडला जातो आणि तिथे अल्पमतात राहतो.

हे दुरुस्त करता येतं का? नाही. प्रभागरचना आणि आरक्षण शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरच होतं, ग्रामपंचायतीने कितीही चोख मोजणी केली तरी. हरकतीत ‘आमची लोकसंख्या आज जास्त आहे’ असं लिहिलं की ती फेटाळली जाते. हरकत टिकते ती नकाशातल्या चुकीवर : प्रगणक गट (जनगणनेत एका प्रगणकाने मोजलेला भाग) तोडला, सलग वस्ती दोन प्रभागांत विभागली, रस्ता-नाल्याची हद्द सोडली.

मोजणी कशी केली

ग्रामसेवक (कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी, तोंडात ग्रामसेवकच), आशा, दोन्ही अंगणवाड्यांच्या सेविका, पोलीस पाटील, कोतवाल, आणि प्रत्येक वस्तीतला शिकलेला एक मुलगा आणि एक मुलगी. बाहेरच्या मुलांकडून गोंडपुऱ्याची मोजणी करून घेऊ नये. लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे, बोलतच नाहीत.

आधी चौकात जमिनीवर रांगोळीने नजरी नकाशा काढला : नाला, पांदण, विहिरी, हातपंप, देवळं, मग घरं. बायकांना खडू दिला की बंद घर कुणाचं, कुठल्या घरात दोन चुली, हे न विचारता येतं. नकाशा झाल्यावर घरांना गेरूने क्रमांक, वस्तीचं अक्षर धरून : ता-१७/२ म्हणजे तांडा, सतरावं घर, दुसरी चूल. मोजायचं एकक घर नव्हे, चूल. एकत्र स्वयंपाक ते एक कुटुंब, जनगणनेचीही व्याख्या हीच.

वेळ महत्त्वाची. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठनंतर गावात म्हातारी आणि कोंबड्या. तेव्हा सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जायचं. सालगड्याचं (वर्षाच्या बोलीवरच्या शेतमजुराचं) साल पाडव्याला बदलतं, त्याचं कुटुंब बिऱ्हाडासह दुसऱ्या मालकाच्या गावी जातं. मोजणी पाडव्याच्या आधी सुरू करून नंतर संपवली तर अशी कुटुंबं दोनदा येतात किंवा एकदाही येत नाहीत. ही मोजणी जानेवारीत, पंधरा दिवसांत उरकली.

प्रत्येक माणसासमोर तीन रकाने ठेवले. आज गावात आहे : १,४२१. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर, परत येणार : १६३. कायम बाहेर, पण नाव, घर किंवा वावर इथे : २०९. पहिले दोन मिळून नेहमीचे रहिवासी १,५८४. तिन्ही मिळून १,७९३. मोजणीवरून भांडणं होतात ती याच रकान्यांवरून. तांड्याचा नाईक १,७९३ च्या बाजूचा असतो, मुख्य गाव १,४२१ च्या. दोघांचंही खरं असतं. रकाने वेगळे न ठेवता एकच बेरीज लिहिली की पुढच्या माणसाला ती कशाची आहे हे कधीच कळत नाही.

हंगामी बाहेर असलेल्या १६३ पैकी तांड्यातले १०४, गोंड-आंधांचे २७, बौद्धपुऱ्यातले २१, बाकीचे ११. कोलाम पोडातून एकही नाही. कोलाम फार लांब जात नाहीत, आसपासच्या वावरांत मजुरी आणि वनोपज यावर चालतं. कायम बाहेर असलेल्यांत मात्र कुणब्यांचे तरुण सर्वांत जास्त : शिक्षणाला, कंपनीत, नागपूर-पुण्याला. जमीन असलेला मुलगा कायमचा जातो आणि भूमिहीन हंगामी जातो. गावात राहिलेल्या कास्तकाराच्या तिशी ओलांडलेल्या मुलाला मुलगी मिळत नाही, हेही त्याच फॉर्मवर वय आणि वैवाहिक स्थितीच्या दोन रकान्यांत दिसतं.

जात लिहिताना काय चुकतं

नेहमीचे रहिवासी असे निघाले : कुणबी ३७१, तेली १२८, माळी-न्हावी-सुतार-धोबी वगैरे ९७, धनगर ६३, बंजारा २५१. बौद्ध २१४, मातंग ३१, चर्मकार १२. गोंड आणि प्रधान २०३, कोलाम १२१, आंध ५८. मुस्लिम २९, इतर ६.

जनगणनेच्या गावपातळीच्या तक्त्यात अनुसूचित जाती आणि जमातींची फक्त एकेक बेरीज असते. इतर मागासवर्ग, विमुक्त, भटके यांचा आकडाच नसतो. सगळ्या जातींचे जनगणनेचे आकडे १९३१ नंतर प्रसिद्ध झालेले नाहीत. म्हणजे वर लिहिलेली निम्म्याहून अधिक ओळ कुठल्याही प्रसिद्ध दप्तरात सापडत नाही.

आडनावावरून जात लिहिणं हा पहिला अपघात. मेश्राम गोंडही असतो आणि बौद्धही. आत्राम, टेकाम गोंडांत आहेत तसे कोलामांतही. पवार, चव्हाण हे बंजारा, मराठा, पारधी कुणीही असू शकतात. मोजणीच्या पहिल्या कच्च्या यादीत पोडातली नऊ घरं ‘गोंड’ म्हणून चढली होती, कारण लिहिणाऱ्या मुलाने आडनाव ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. फरक साधा नाही. राज्यातल्या तीन अतिदुर्बल आदिवासी जमातींत कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ ला अशा जमातींसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतलं घरकुल, रस्ता, वीज ही कोलामाला कोलाम म्हणूनच मिळते, नुसता ‘आदिवासी’ लिहिला की हुकते. खातरजमेचा प्रश्न घरात कोणती बोली बोलता हा. कोलामी आणि गोंडी वेगळ्या. पण मातृभाषा विचारली की उत्तर ‘मराठी’ येतं, कारण साहेबाला मराठीच सांगायची असते. म्हणून आजी नातवाशी कशात बोलते, असं विचारावं.

बौद्धांच्या बाबतीत धर्म आणि जात हे दोन रकाने आहेत. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांत जात सांगायला नको वाटतं, आणि त्यामागचं कारण मान्य करावं असंच आहे. पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा आहे आणि तो जात लिहिली तरच मोजला जातो. धर्म ‘बौद्ध’, जात कोरी, असं झालं की तो माणूस अनुसूचित जातींच्या बेरजेतून बाहेर पडतो. वस्ती विकासाचा निधी लोकसंख्येच्या टप्प्यांवर मिळतो, तेव्हा दहा-वीस माणसांनी टप्पा बदलतो. बौद्धपुऱ्यात हे विहारात बसून आधी बोललं गेलं, दारात विचारायचं ठेवलं नाही.

बंजाऱ्यांचा गुंता राज्याच्या सीमेचा. पैनगंगेपलीकडे, तेलंगणात, लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, इकडे विमुक्त जाती. आदिलाबादकडून आलेली सून माहेरी आदिवासी होती, इथे तिची मुलं बापाच्या जातीने विमुक्त ‘अ’. दोन्ही याद्या आपापल्या राज्यापुरत्या. याचा फटका वनजमिनीत बसतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, इतरांना त्यावर पंचाहत्तर वर्षांचा रहिवास. पोडातल्या दाव्यांना पट्टे मिळाले आणि शेजारीच, तशीच जमीन कसणाऱ्या तांड्याचे दावे पुराव्यावाचून अडकले. दोन वस्त्यांमधल्या कुरबुरीचं मूळ शोधायला गेलं तर ते या दोन अटींत आहे.

जातीचा रकाना ग्रामसभेत वाचू नये. चूल क्रमांक, माणसांची संख्या, रहिवासाचा रकाना एवढंच वाचायचं. जात त्या त्या वस्तीत, कुटुंबाला दाखवून, सही घेऊन पक्की करायची.

एक इशारा लहान आकड्यांचा. ० ते ६ वयोगटात मुलगे ८६, मुली ७९, म्हणजे हजारी ९१९. राज्याचं २०११ चं बाललिंग प्रमाण ८९४. लगेच ‘आमचं गाव राज्यापेक्षा पुढे’ असा फलक लावायची घाई झाली होती. पाच मुली जास्त असत्या तर ९७७ आलं असतं, पाच कमी असत्या तर ८६०. दीडशे मुलांवर हे प्रमाण काढूच नये. दहा वर्षांचे जन्म एकत्र करून पाहावेत.

आकडा कुठे कोणता वापरायचा

पाण्याची योजना माणशी रोज ५५ लिटरवर आखली जाते आणि तिचा पाया जनगणनेचा. तांड्याला १६८ धरले तर दिवसाला ९,२४० लिटर. नेहमीचे रहिवासी २५१ धरले तर १३,८०५. साडेचार हजार लिटरची तूट, आणि ती पडते मे महिन्यात : कोयता टाकून सगळी माणसं परत आलेली असतात आणि विहिरी तळाला गेलेल्या. फेब्रुवारीच्या आकड्यावर बांधलेली टाकी फेब्रुवारीत पुरते. ग्रामपंचायतीने आराखड्यात तांड्याची मागणी मे महिन्याच्या हजेरीवर लावली आणि सोबत कुटुंबामागच्या माणसांचा हिशोब जोडला. जनगणनेपेक्षा वेगळा आकडा का, हा वरच्या कार्यालयाचा पहिला प्रश्न असतो. त्याला उत्तर कागदावर तयार हवं.

शाळेला तिसराच आकडा लागतो : ऑक्टोबरमध्ये आईबापांबरोबर जाणारी मुलं किती. हंगामी वसतिगृहासाठी ही यादी माणसं निघायच्या आधी लागते. दिवाळीनंतर केलेली यादी उपयोगाची नाही. १०४ पैकी १४ वर्षांखालची ३१ होती. स्वनिधीतला १५ टक्के मागासवर्गीयांसाठीचा, १० टक्के महिला-बालकल्याणाचा आणि ५ टक्के दिव्यांगांचा खर्च मात्र चालू रहिवाशांच्या यादीवरच करावा. तिथे जुना तक्ता धरला की मेलेल्या माणसाच्या नावावर सतरंजी निघते.

पोडाची ओळ आराखड्यात वेगळी काढली. मुख्य मौजाच्या सरासरीत पोड बुडतं : नळजोडणी, शौचालय, शाळेचं अंतर, सगळ्यात मौजाची टक्केवारी चांगली आणि पोडाची शून्याजवळ. १२१ माणसं मौजाच्या एक-दशांशाहूनही कमी, त्यांचं काहीच न करताही नव्वद टक्के काम झालं असं दाखवता येतं.

फेब्रुवारी २०२७

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, गणना फेब्रुवारीत, आणि या वेळी सगळ्या जाती मोजल्या जाणार. महिना तोच, म्हणजे तांडा पुन्हा कारखान्यावर. नियम तोच राहिला तर पूर्ण काळ बाहेर असलेलं कुटुंब गावात मोजलं जाणार नाही, आणि ग्रामपंचायतीने आग्रहाने नावं चढवायला लावली तर ती दुबार नोंद ठरेल. तेव्हा गावाच्या आकड्याबद्दल फार आशा धरू नये. जे करता येतं ते एवढं : दसऱ्याच्या आत मुकादमवार (मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा) यादी करायची, कोणत्या टोळीत किती माणसं, कोणता कारखाना, कोणता तालुका. प्रत्येक जोडप्याकडे कागद द्यायचा, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, आणि जात एकाच शब्दात, ‘बंजारा’. कुणी लमाण, कुणी लंबाडा, कुणी गोर सांगितलं तर तीच माणसं चार ओळींत विखुरतील. कोप्यावर प्रगणक आला नाही तर मुकादमाने तिथल्या तहसील कार्यालयात सांगायचं, हेही त्याच कागदावर लिहायचं.

घरी मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवावं लागतं. २०११ मध्ये काही घरांत त्यांनी बाहेर असलेल्या मुलांची नावं सांगितली होती, आणि काही घरांत प्रगणकाने विचारल्यावर ‘कोणी नाही, आम्ही दोघंच’ म्हटलं होतं. जो माणूस ९ फेब्रुवारीनंतर एक-दोन दिवसांसाठीही घरी येऊन गेला, लग्नाला किंवा आजारपणात, तो जुन्या नियमाने घरीच मोजता येतो. अशा माणसांची यादी आशाकडे ठेवायची आणि प्रगणक दारात आला की तिने ती समोर धरायची.